चौसष्ट टक्के

“मी उतरणार नाही बाबा, आधीच सांगते,” गाडीचं दार उघडून चौगुले बाई म्हणाल्या. “माझी एक खुर्ची घरात, एक शाळेत. तुमच्या गॅरेजात अजून कुणी ठेवलेली नाही.”

“उतरू नका. बसल्या जागी करतो,” मी म्हटलं. “अर्ध्या तासाचं तर काम आहे.”

‘अर्ध्या तासाचं काम’ हे तेव्हा माझ्या तोंडात कायम असायचं. मी सत्तावीस वर्षांचा होतो. पुण्याला देवधर सरांकडं दहा महिने राहून गाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर वाचायला, त्यातला हिशेब बदलायला आणि परत लिहायला शिकून आलो होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वस्तादांच्या गॅरेजचा एक कोपरा मला मिळाला होता. बाकीचे मेकॅनिक कोपरापर्यंत काळे होऊन जे करतात ते मी खुर्चीत बसून करतो, याची मला भारी ऐट होती. वस्ताद म्हणजे दिनकर लोहार. त्यांना माझ्या कामातलं ओ की ठो कळायचं नाही, पण आल्यागेल्याला माझ्याकडं बोट दाखवून ते म्हणायचे, “ह्यो आमचा डॉक्टर.” ते मला आवडायचं. उगाच कशाला नाही म्हणू?

बाईंची गाडी पंधरा वर्षांची होती. छोटी, पेट्रोलची, गिअर आपोआप पडणारी. बाईंचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. वस्तादांनी त्यांच्यासाठी स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा बसवून दिला होता. पुढं ढकलला की ब्रेक, ओढला की पेट्रोल. आरटीओनं तो कागदावर मान्यही केला होता. घरातल्या चाकाच्या खुर्चीतून बाई फळीवरून सरकत गाडीत बसायच्या, बावीस किलोमीटर गाडी हाकत पन्हाळ्याकडच्या त्यांच्या हायस्कूलवर जायच्या आणि तिथल्या खुर्चीत सरकायच्या. मधे कुणाचा हात लागायचा नाही.

पण गाडी म्हातारी झाली होती. सिग्नलला दांडा पुढं ढकलला की इंजिन आचके द्यायचं आणि बंद पडायचं. गेल्या महिन्यात पंचगंगेच्या पुलावर भर गर्दीत बंद पडलं, मागं एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि बाईंना उतरून बाजूला होण्याचीसुद्धा सोय नाही. वस्तादांनी प्लग बदलले, सगळं धुऊन पुसून बघितलं, फरक नाही. मग मी बघितलं. इंजिन झिजलं होतं आणि कॉम्प्युटर त्याला अजून पहिल्या वर्षीचं जेवण वाढत होता, एवढीच गोष्ट होती. आदल्या आठवड्यात मी त्यातली फाइल काढून घेतली, घरी बसून दुरुस्त केली. आता ती फक्त गाडीत परत लिहायची होती.

आणि ती लवकर लिहायची होती. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. नोंदणी पुढं चालू ठेवायची तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आरटीओत तपासणी होती. धूर बघणार, ब्रेक बघणार. दांडा ढकलल्यावर साहेबासमोर गाडी बंद पडली की खेळ खलास.

“काय सांगू तुला,” मी डॅशबोर्डखाली वाकून वायर जोडत होतो तेव्हा बाई म्हणाल्या. “ही गाडी यायच्या आधी मी सहा वर्षं वडापच्या भाड्याच्या जीपनं गेले. दादा जीपमध्ये उचलून ठेवायचा. तिकडं उतरताना जो कोण असेल तो उचलायचा. कंडक्टर, गुऱ्हाळावरचे गडी, कोणीपण. कुणाचा हात कुठं लागायचा ते मी कधी घरी सांगितलं नाही. नोकरीची अकरा वर्षं राहिलीत संग्राम. ही गाडी चालली पाहिजे. नवीन घेऊन सगळं बसवून घ्यायची आता माझ्यात ताकद नाही.”

“चालेल की. पळेल,” मी म्हटलं.

तेवढ्यात वस्ताद आले. त्या दिवशी खंडेनवमी होती, हे सांगायचं राहिलंच. खंडेनवमीला उद्यमनगरात एक लेथ फिरत नाही. आदल्या दिवशी सगळी गॅरेजं, फौंड्र्या धुऊन काढतात, हत्यारं पुसून तेलपाणी करून ओळीनं मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्याला पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वस्तादांनीही पांढऱ्या चादरीवर पाने, पकडी, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं मांडलं होतं. मधोमध, मानाच्या जागी, माझ्या कामाचा बॅटरी-चार्जर ठेवला होता. गॅरेजातली सगळ्यात महागडी वस्तू म्हणून. त्याच्यावर झेंडूची माळ, पुढं नारळ.

“आज करतोस?” वस्ताद म्हणाले. “आज हत्यारं बसल्यात संग्या. उद्या बाराला पूजा उचलतो, मग सांच्यापातूर निवांत कर की.”

“उद्या बारा वाजता माझी पुण्याची गाडी आहे वस्ताद. परवा सकाळी रॅलीची गाडी लावायचीय. देवधर सर स्वतः थांबणार आहेत.”

रॅलीच्या गाडीला हात लावायला मिळणं म्हणजे काय, हे वस्तादांना सांगून कळलं नसतं. आमच्या धंद्यात त्यासाठी लोक वर्षानुवर्षं सरांच्या मागं फिरतात. मला दहा महिन्यांत मिळालं होतं. मी आठवडाभर हवेत होतो.

वस्तादांनी मान खाजवली. “लॅपटॉप काय आमच्या पूजेत न्हाई, तो तुझा. तुझं तू बघ. पर ह्या ओळीतलं काय हलवायचं न्हाई बघ. ते मधलं मशीन लागतंय का तुला?”

लागत होतं. कॉम्प्युटरमध्ये फाइल लिहायला अकरा मिनिटं जातात, आणि त्या अकरा मिनिटांत गाडीच्या बॅटरीचा दाब जराही ढळता कामा नये. ढळला तर लिहिणं अर्ध्यात तुटतं आणि कॉम्प्युटर ना जुना राहतो ना नवा होतो. तो दाब धरून ठेवायला ते मशीन. सरांनी पहिल्या दिवशी, चहासुद्धा विचारायच्या आधी सांगितलं होतं, “चार्जर जोडल्याशिवाय लॅपटॉप उघडायचा नाही.”

पण लागतंय म्हटलं असतं, तर वस्ताद म्हणाले असते, मग उद्या कर. आणि माझं पुणं हुकलं असतं.

“नाही लागत,” मी म्हणालो. “बाईंची बॅटरी चांगली आहे.”

बाई माझ्याकडं बघत होत्या. शिक्षकांना पोरगं कधी थाप मारतंय ते कळतं म्हणतात. “हे बघ, घाई असेल तर राहू दे,” त्या म्हणाल्या. “मी जाऊन तारीख पुढची मागून घेते. देतात.”

“कशाला तारीख पुढं घेताय? झालंच आता.”

मी बाईंना किल्ली फिरवायला लावली आणि म्हटलं, “दांड्याला हात लावू नका फक्त.” एवढंच सांगितलं. बॅटरी खाणाऱ्या बाकी कशाकशाला हात लावायचा नाही, ते सांगायचं राहिलं. खरं तर चार्जर जोडलेला असला की सांगावं लागत नाही, म्हणून ते सांगायची मला सवयच नव्हती.

बाईंनी दार ओढून घेतलं. लॅपटॉप मी बॉनेटवर ठेवला, वायर दाराच्या फटीतून बाहेर काढलेली. टक्के चढायला लागले. दहा. वीस. ऊन कडक होतं आणि काचा बंद होत्या. बाई पदरानं वारा घेत होत्या. बाजूच्या गॅरेजात नारळ फुटला, पलीकडं हलगी सुरू झाली. चाळीस टक्क्यांना मी सरांना मेसेज केला की उद्या संध्याकाळी पोचतोय. साठाला वस्ताद ताटात पेढे घेऊन आले. मला एक दिला, गाडीच्या बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि बाईंच्या काचेवर टकटक केली.

बाई हसल्या आणि त्यांनी काचेचं बटण दाबलं.

काच कुरकुरत खाली गेली. पडद्यावरचा आकडा चौसष्टवर थांबला. मी पेढा तोंडात तसाच धरून बघत राहिलो. दहा सेकंद, वीस सेकंद. मग लाल चौकोन आला. संपर्क तुटला.

मी सगळं करून बघितलं. वायर काढली, घातली. किल्ली बंद, किल्ली चालू. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून जोडली. डॅशबोर्डवर एक दिवा लागेना. इंजिनाचा कॉम्प्युटर कुणाच्याच हाकेला ओ देईना. माझी पाचावर धारण बसली होती आणि मी ती चेहऱ्यावर दिसू देत नव्हतो. हे मला चांगलं जमायचं.

अर्ध्या तासानं बाई म्हणाल्या, “संग्राम, मी काच खाली केली, त्यानं झालं का रे?”

वस्ताद माझ्याकडं बघायला लागले. हातातलं ताट तसंच.

“बॅटरीचा दाब खाली गेला,” मी म्हणालो.

हे खरं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. बाईंनी खाली बघितलं, आपल्या बोटाकडं, आणि मान हलवली. वस्ताद म्हणाले, “च्यायला, मीच टकटक केली की ओ बाई. आजच्या दिवशी करायलाच नको होतं.” बाई म्हणाल्या, “नाही हो, बटण मी दाबलं.” दोघं एकमेकांचा दोष अंगावर घेत होते आणि मी मधे उभा राहून लॅपटॉपची वायर गुंडाळत होतो. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर फार तर शिव्या बसल्या असत्या. मला आजही त्या शिव्या हव्या आहेत.

बळवंतदादा, बाईंचे भाऊ, रिक्षा घेऊन आले. त्यांनी आणि वस्तादांनी मिळून बाईंना उचललं आणि रिक्षात ठेवलं. बाईंनी साडी सारखी केली. “पेढा घे की रे संग्राम, तसाच राहिलाय तुझा,” असं म्हणून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो.

रॅलीच्या गाडीचं काम झालं. सर खूश होते. तिसऱ्या दिवशी दुपारी नगरकडचा एक पोरगेलासा ट्यूनर, म्हणजे आमच्याच धंद्यातला, रडवेला होऊन आला. त्याच्याकडून एका जीपचा कॉम्प्युटर असाच अर्ध्यात बंद पडला होता. सरांनी तो कॉम्प्युटरचा डबा माझ्यासमोर उघडला, आतल्या सर्किटच्या पाटीवर दोन बारीक वायरी डकवल्या, आपल्या टेबलावरच्या मशीनला जोडला आणि फाइल सरळ आत घातली. चाळीस मिनिटांत डबा जिवंत झाला. मी शेजारी उभा होतो, काय बघतोय ते मला पुरतं कळत होतं. बाईंची गाडी सुरू होणार होती. डबा काढायचा, पिशवीत घालायचा, पुण्याला आणायचा. बस.

सरांनी त्या माणसाला विचारलं, “चार्जर जोडला होतास?”

त्यानं ‘हो’ म्हणून मान हलवली.

“खोटं बोलू नकोस, तुझ्या लॅपटॉपमध्ये नोंद असते. किती दाब होता, सगळं लिहिलेलं असतं.” मग माझ्याकडं वळून सर म्हणाले, “चार्जर न जोडता लिहिणाऱ्याला मी परत दारात उभा करत नाही. हा शेवटचा. माझ्या पोरांकडून असं कधी झालेलं नाही.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मी मनात म्हटलं, आत्ता नको, पुढच्या वेळी सांगू. कुणीतरी दुसऱ्यानं केलं असं सांगून डबा आणू. काहीतरी करू. माणूस स्वतःला किती सहज फसवतो, त्याला कसलं शिक्षण लागत नाही.

गाडी तीन महिने गॅरेजात होती, बॉनेटवरचं स्वस्तिक पुसट होत गेलं. वस्ताद बिचारे तसाच दुसरा डबा शोधत भंगारबाजार पालथा घालत होते. सांगली, हुबळी, मुंबई, सगळीकडं फोन. हाताच्या गिअरच्या गाडीचे डबे मिळायचे, आपोआप गिअरवाल्याचा नाही. बाई दर शनिवारी फोन करायच्या.

“काही होण्यासारखं आहे का रे?”

“बघतोय बाई.”

तीन महिन्यांनी एका शनिवारी त्या म्हणाल्या, “खरं सांग. नुसती आशा लावू नकोस. तुझ्या पुण्याच्या सरांना विचारलंस का?”

“विचारलं,” मी म्हणालो. “नाही होणार म्हणाले.”

हे मात्र साफ खोटं होतं. बाई म्हणाल्या, “असू दे. तू तुझ्या परीनं केलंस.” पुढच्या आठवड्यात बळवंतदादांनी गाडी मोडीत दिली. वस्तादांनी तो दांडा तेवढा काढून ठेवला. दाखवायला म्हणून नाही, त्यांना तो टाकवेना.

बाई परत वडापनं जायला लागल्या. दादा साठीला आलेले, त्यांची कंबर धरायची. मधे अधे कुणीतरी उचलायचं. दीड वर्षानं उतरवताना एका माणसाचा हात सुटला, बाई जीपच्या पायरीवरून खाली आल्या आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. तो नीट बसलाच नाही. फळीवरून सरकायला खांदा लागतो. त्यांनी राजीनामा दिला. हे मला वस्तादांनी सांगितलं, डबा खायला बसलो होतो तेव्हा. मी जेवण पूर्ण केलं.

आणखी चार वर्षांनी मी स्वतःचं दुकान टाकलं. सरांकडं होतं तसं टेबलावरचं मशीन घेतलं. पहिल्याच महिन्यात एकाचा अर्ध्यात बंद पडलेला डबा आला. मी तो उघडला, दोन वायरी डकवल्या आणि पस्तीस मिनिटांत सुरू केला. गिऱ्हाईक हात जोडायला लागलं. शटर ओढून मी तसाच मोटरसायकल काढून फुलेवाडीला बाईंच्या घरी गेलो.

दुपारचे चार वाजले होते. बाई बाहेरच्या सोप्यात कॉटवर बसल्या होत्या, उशीला टेकून. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि तेच मला सोसलं नाही.

“ये ये. दुकान काढलंस म्हणे. बरं झालं,” त्या म्हणाल्या. “मला तुझी फार काळजी वाटायची. माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं असणार. कुणी विचारलं ना, तर मी स्पष्ट सांगते, पोरानं काम चोख केलं होतं, मीच मधे बटण दाबलं.”

“बाई, तसं नव्हतं,” मी म्हणालो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. मशीन पूजेत होतं ते. वस्तादांनी विचारलं होतं ते. पुणं. नगरचा माणूस, दोन वायरी, चाळीस मिनिटं. सरांना मी कधी विचारलंच नव्हतं, ते. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मग बाईंनी विचारलं, “म्हणजे मी काच खाली केली नसती, तरी गाडी बंद पडली असती?”

“पडली असती कदाचित. आणि मशीन जोडलेलं असतं तर तुम्ही शंभर वेळा काच वरखाली केली असती तरी काही झालं नसतं.”

“आणि गाडी नंतर नीट होत होती.”

“होत होती. गॅरेजात उभी होती तोपर्यंत कधीही.”

बाई भिंतीकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या ओरडतील, घराबाहेर काढतील. मी त्याच्यासाठीच गेलो होतो, हे तेव्हा कळलं. शिव्या खाऊन हलकं व्हायला.

“आज कशाला सांगायला आलास?” त्या अगदी हळू म्हणाल्या.

“राहवेना बाई.”

“तुला राहवेना.” त्यांनी मान हलवली. “संग्राम, जन्मापासून माझं सगळं दुसऱ्यांनी केलं. उचललं त्यांनी, ठेवलं त्यांनी, पाडलंसुद्धा त्यांनीच. गाडी गेली तेव्हा मी म्हटलं, ही तरी माझ्या हातानं गेली. माझी चूक, माझं नुकसान, कुणाला बोल लावायचा नाही. फार रडले. पण त्याच्यावर इतके दिवस काढले मी. नोकरी सोडली तेव्हासुद्धा म्हटलं, बटण मी दाबलं होतं. तेवढं माझं होतं रे.”

मी दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसलो.

“आता म्हणतोस, तेही तूच केलंस.”

आतून दादांच्या खोकण्याचा आवाज आला. बाईंनी हाक मारली, “दादा, मला आत ने.”

बळवंतदादा आले. सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, एक हात बाईंच्या पाठीमागं घातला, एक गुडघ्यांखाली. मी उठून पुढं झालो.

“तू नको,” बाई म्हणाल्या. “तू बस.”

दादांनी जोर केला, कण्हले आणि बाईंना परत कॉटवर टेकवलं. भिंतीला धरून दम खाल्ला. पुन्हा वाकले. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. मी बसून राहिलो.